वटवाघूळ, कासव आणि तिसरा भिडू



गेल्या महिन्यात इथे जुन्या घरगुती खेळांचा विषय निघाला होता. सागरगोटे, सारीपाट, कवड्या, पत्त्यांतला झब्बू, सगळ्यांवर बरंच लिहून आलं. गंजिफाचं नाव मात्र कुणी काढलं नाही. म्हणून हा लेख. थोडा लांबला आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझी ओळख. बी.कॉम. झाल्यावर बँकेत लागलो, छत्तीस वर्षं नोकरी केली, २०१० साली निवृत्त झालो. आमचं घराणं नागपूरचं. १९५६ च्या नोव्हेंबरात भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायली, ट्रंका आणि पाटा-वरवंटा घेऊन इकडे आली. त्यांतलंच एक आमचं. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. सध्या शिवाजी नगरमध्ये, सहा नंबर बसस्टॉपपासून चालत पाच मिनिटांवर, सूनबाईंना मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. चिरंजीव जबलपूरला पोस्टिंगवर, शनिवारी येतात. आमची ही जाऊन चार वर्षं झाली. घरात आम्ही तिघं: सूनबाई, नात आणि मी.

नात पंचवीस वर्षांची. सीए फायनलला दोनदा बसली. पहिल्यांदा एका विषयाने घात केला. दुसऱ्यांदा प्रत्येक विषयात चाळीसच्या वर गेली, पण एकूण पन्नास टक्क्यांना थोडे कमी पडले. हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. सरळ नापास झालेला माणूस रडून मोकळा होतो. काठावर राहिलेला रोज बेरीज करत बसतो.

निकालानंतर तिने पुस्तकं कपाटात टाकली आणि खोलीचं दार लावून घेतलं. आई आणि लेक यांच्यात 'जेवायला ये' आणि 'नको, भूक नाही' एवढंच उरलं. पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख जवळ येत होती. आणि रोज सकाळी ही मुलगी खिडकीशी बसून टॅरोचा एक पत्ता काढायची, त्याच्याकडे बघत बसायची, वहीत काहीतरी लिहायची. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "पत्ते सांगणार आहेत का कॉस्टिंगचं उत्तर?" त्या चुकीच्या होत्या असं नाही. घाबरल्या होत्या, इतकंच.

मी बँकेत आयुष्यभर एक नियम पाळला. समोरच्याने कागद आणला की आधी तो पूर्ण वाचायचा, मग मत द्यायचं. त्याच नियमाने एक दिवस तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, "दाखव बघू, काय असतं यात."

तिच्याकडे दोन संच निघाले. एक जुन्या वळणाचा, तिने कॉलेजात असताना घेतलेला. दुसरा नवा, सगळा प्राण्यांचा. दोन्हींत पत्ते अठ्ठ्याहत्तर. बावीस मोठे, म्हणजे मूर्ख, जादूगार, संन्यासी, मृत्यू, सूर्य, चंद्र वगैरे. उरलेले छप्पन्न आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांत: पेले, नाणी, तलवारी, दंड. प्रत्येक रंगात चौदा. मी दोन्ही संच टेबलावर समोरासमोर मांडले, लेजरसारखे. डावीकडे जुना, उजवीकडे नवा, आणि एकेक नोंद टॅली करत गेलो.

जुना संच १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीने काढला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. त्यांच्या आधीच्या बहुतेक संचांत लहान पत्त्यांवर नुसते पाच पेले, सहा नाणी असं असायचं. या बाईंनी या छप्पन्नांतल्या बहुतेक पत्त्यांवर माणसं आणि प्रसंग रंगवले. आज जगभर टॅरो म्हटलं की हीच चित्रं डोळ्यांपुढे येतात. बाईंना मात्र या कामाचे किरकोळ पैसे मिळाले आणि १९५१ साली त्या गेल्या तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. हिशेब बघायची सवय असलेल्या माणसाला हे वाचून कसंतरी होतं.

नवा संच 'द वाइल्ड अननोन', किम क्रान्स या अमेरिकन चित्रकर्तीचा, २०१२ साली पहिल्यांदा आला. काळ्या शाईच्या रेघा, मध्येच रंगाचा एखादा झोत. दरबारी पत्त्यांत राजा-राणी नाहीत, बाप, आई, मुलगा, मुलगी आहेत. पेल्यांचं कुटुंब हंसांचं, नाण्यांचं हरणांचं, तलवारींचं घुबडांचं आणि दंडांचं सापांचं.

आता टॅली. जुन्यात 'मूर्ख' म्हणजे कड्याच्या टोकावर बेफिकीर उभा असलेला एक तरुण, हातात गुलाब, पायाशी कुत्रा. नव्यात फांदीवर बसलेलं कोंबडीचं पिल्लू. जुन्यात 'संन्यासी' म्हणजे कंदील घेतलेला म्हातारा, नव्यात कासव. जुन्यात 'बळ' म्हणजे सिंहाचं तोंड हळुवार हाताळणारी बाई. नव्यात बाई नाहीच. एकटा सिंह, तोंडात गुलाब. जुन्यात 'टांगलेला माणूस' एका पायाने उलटा लटकलेला. नव्यात वटवाघूळ. या शेवटच्या नोंदीवर मी थांबलो. माणूस उलटा लटकला तर ती शिक्षा असते. वटवाघूळ उलटं लटकतं कारण ती त्याची झोपायची रीत आहे. पत्ता तोच, पण अर्थ कुठल्या कुठे गेला.

मी तिला म्हटलं, मला जुना आवडला. त्यात नाण्यांची पंजी आहे. बर्फात दोन कंगाल माणसं चालली आहेत, एक कुबड्यांवर, आणि वर उजेडाने भरलेली रंगीत काचेची खिडकी. ही माणसं मी ओळखतो. कर्ज नामंजूर झाल्यावर शाखेच्या पायऱ्या उतरणारा माणूस असाच दिसायचा. शेजारी नाण्यांची छक्की, एका हातात तराजू धरून दुसऱ्या हाताने गुडघे टेकलेल्यांना नाणी देणारा व्यापारी. तो तर साक्षात लोन ऑफिसर. प्राण्यांत हे कसं येणार? हरणाला तारण लागत नाही, जामीनदार लागत नाही.

ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "म्हणूनच आजोबा. जुन्या संचात माणसाचा चेहरा आला की मी त्यात कुणाला तरी शोधायला लागते. बाबा दिसतात, पेपर तपासणारे दिसतात, जे पास झाले ते दिसतात. सगळे माझ्याकडे बघतायत असं वाटतं. प्राणी माझ्याकडे बघत नाहीत. ते आपापलं करत असतात."

या उत्तरावर मी बराच वेळ बोललो नाही. दोन संचांची तुलना मी चित्रांवरून करत होतो. ती करत होती कोणासमोर बसायला जमतं यावरून.

त्याच आठवड्यात तिचा सकाळचा पत्ता वटवाघळाचा निघाला. पेपर वाचत मी शेजारीच होतो. तिने पत्ता माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "हे मी आहे." मग जे तीन महिने बोलली नव्हती ते सगळं बोलली. परीक्षा सोडायची नाहीये, पण आत्ता लगेच बसायचंही नाहीये. अभ्यासाला बसलं की छातीत धडधडतं. आईला सांगितलं तर आई म्हणेल, एवढे दिवस वाया घालवलेस. आणि मग मला विचारलं, "तुम्हाला हे पत्त्यांचं खोटं वाटतं ना?"

मी खरं ते सांगितलं. अठ्ठ्याहत्तर पत्ते पिसून एक काढला, तर कुठलाही निघायची शक्यता अठ्ठ्याहत्तरात एक. त्या वटवाघळाला तुझ्या ॲग्रिगेटची खबर नाही. पण तुला ते बघून बोलता आलं, ही गोष्ट खरी आहे आणि तिला मी खोटं म्हणणार नाही.

शिवाय भोपाळच्या माणसाला नशिबाची थट्टा करता येत नाही. डिसेंबर १९८४ मधली ती दोन आणि तीन तारखेमधली रात्र आठवा. गॅस जुन्या शहराच्या वस्त्यांवरून गेला, कारण वारा त्या बाजूला होता. आम्ही नव्या भोपाळात होतो, वाचलो. यात आमची हुशारी काडीची नव्हती. पुढे शाखेत मदतीच्या रकमेची खाती उघडायला जी माणसं रांगेत उभी राहिली, त्यांच्यातल्या कोणाचाही काही दोष नव्हता. 'प्रयत्नांती परमेश्वर' हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायची मला तरी छाती झाली नसती. म्हणून पत्ते बघणाऱ्याला मी हसत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. नशीब हे वाटप आहे. पानं हातात आल्यानंतर एक दुसरा भाग सुरू होतो, आणि टॅरोच्या रोजच्या एका पत्त्यात तो दुसरा भाग येतच नाही.

गंमत म्हणजे टॅरोतही तो भाग मुळात होता. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते निघाले ते भविष्यासाठी नाही, खेळण्यासाठी. हात करायचे, हुकूम मारायचा, असा खेळ. मूर्ख सोडला तर ते मोठे पत्ते म्हणजे हुकूमच. फ्रान्समध्ये आजही लोक टॅरो खेळतात, डावावर बसून गुण मोजतात. भविष्याचं प्रकरण नंतरचं. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने लिहिलं की या पत्त्यांत प्राचीन इजिप्तचं ज्ञान दडलंय. पुराव्याचा पत्ता नव्हता, पण लोकांना आवडलं, आणि खेळाचं शास्त्र झालं. आणि त्याही मागे गेलात तर युरोपात पत्ते पोचले तेच चौदाव्या शतकाच्या अखेरीस, मुस्लिम जगातून, असं अभ्यासक मानतात. म्हणजे नातीच्या हातातले पत्ते आणि आपल्याकडचे गंजिफे एकाच घराण्यातले, दूरचे चुलत भाऊ.

हे तिला सांगितलं आणि म्हटलं, थांब, तुला तिसरा संच दाखवतो.

माझं आजोळ सावंतवाडीचं. आईने लग्नात आणलेली एक लाकडी, रंगवलेली पेटी माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. आत दशावतारी गंजिफा. पानं गोल, बिस्किटाएवढी. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर रंगाचा हात द्यायचा, हाताने चित्र काढायचं आणि शेवटी लाखेची झिलई. सावंतवाडीत हे काम चितारी मंडळींचं. लाकडी खेळण्यांसाठी तिथली चितारआळी आजही प्रसिद्ध आहे. छापील पत्ते स्वस्तात मिळायला लागल्यावर गंजिफाचं काम जवळजवळ बंद पडलं होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी म्हातारे कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती कला समजून घेतली आणि राजवाड्यातच मुलं शिकवून तयार केली. सत्त्वशीलादेवी २०१८ साली गेल्या. राजवाड्यातलं काम चालू आहे.

नातीने पेटी उघडली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "आजोबा, हे पण प्राण्यांचंच आहे!"

बघा, दहा रंग म्हणजे दहा अवतार. पहिला मत्स्य, मग कूर्म, मग वराह, मग नृसिंह. चार रंग प्राण्यांचे, चौथ्यात प्राणी आणि माणूस अर्धे अर्धे. मग वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, आणि शेवटी घोड्यासह कल्की. प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण एकशेवीस. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे, कूर्माच्या छक्कीवर सहा कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. आमच्या संचात रामाची खूण बाण आहे, दुसऱ्या प्रांतांत कुठे कुठे माकड असतं. नव्या टॅरोत माणूस काढून प्राणी आणावा लागला. जुन्या टॅरोत माणूस आला तेव्हा प्राणी पायाशी गेला. आपल्याकडे मात्र मासा आणि राम एकाच पेटीत, एकाच आकाराचे, एकाच दर्जाचे राजे. माशाच्या राजाला रामाच्या राजाने मारता येत नाही. हुकूमच नाही या खेळात. ज्याचा त्याचा रंग.

दुसरा प्रकार मोगली गंजिफा, आठ रंग आणि शहाण्णव पानं. तो माझ्या पेटीत नाही, पण बँकवाल्यांसाठी सांगायलाच हवा. त्याचे रंग म्हणजे दरबार आणि खजिना: ताज, सफेद म्हणजे रुपया, शमशेर, गुलाम, चंग म्हणजे वाद्य, सुर्ख म्हणजे मोहोर, बरात आणि किमाश म्हणजे माल. यातली बरात म्हणजे पैसे देण्याचा लेखी आदेश. पेशवाईच्या कागदांत महसुलावर किंवा खजिन्यावर काढलेल्या 'वराता' सापडतात, तोच हा शब्द. म्हणजे आपला डिमांड ड्राफ्ट कधीकाळी पत्त्यांतला एक रंग होता! बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफाचा संच पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे आणि ऐन-इ-अकबरीत अबुल फजलने अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या पत्त्यांचं वर्णन केलं आहे. आपल्या मध्य प्रदेशात श्योपूरकडेही गंजिफा बनत असत.

तर, पानं मोजली. कॅश हातात आली की मोजायची, ही सवय जात नाही. मी दहा-दहाच्या चळती लावल्या, तिने पुन्हा मोजल्या. एकशे सतरा. तीन कमी. रंगवार लावल्यावर कळलं की कूर्माचा प्रधान, मत्स्याची तिर्री आणि परशुरामाची सत्ती नाही. तिने जाड पुठ्ठा आणला, वाटी ठेवून गोल कापले, आणि दोन दिवस खोलीचं दार उघडं ठेवून कासव रंगवत बसली. दार उघडं होतं, हे मी मुद्दाम लिहितोय.

खेळ मला येतो, कारण लहानपणी रोज दुपारी बघितलाय. आई, आत्या आणि शेजारच्या देशपांडेकाकू अशा तिघी बसायच्या. गंजिफाला भिडू तीन लागतात. प्रत्येकाला चाळीस पानं. एवढी गोल पानं हातात पंख्यासारखी धरणं हीच कसरत. कापडावर सगळी पानं उलटी पसरून हाताने कालवायची, मग वाटायची. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे येईल त्याने पहिलं उतरायचं. दिवेलागणीनंतर मान कृष्णाकडे. मग ज्याच्याकडे त्या रंगातलं शिल्लक असलेलं सगळ्यात वरचं पान, त्याचा हात. त्यामुळे कुठलं पान पडलं आणि कुठलं अजून कोणाच्या हातात आहे, हे लक्षात ठेवणं हाच खरा खेळ. आईला एकशेवीस पानांचा हिशेब तोंडपाठ असायचा. चौथी पास बाई, पण तिच्याइतका पक्का कॅशियर मी पुढे शाखेत बघितला नाही. १९७९ साली आत्या गेली आणि तिसरा भिडू मिळेना. पेटी बंद झाली ती झालीच.

आता नात आणि मी दोघं. तिसरं कोण? घरात तिसरं माणूस एकच होतं.

रविवारी दुपारी मी सूनबाईंना म्हटलं, "तासभर बसता का? भिडू कमी पडतोय." त्या म्हणाल्या, "बाबा, मला वेळ कुठे आहे." मग टेबलावरची पेटी बघितली, सासूच्या सासूची, आणि हात पुसून बसल्या. मी वाटप केलं. रामाचा राजा त्यांच्याकडेच निघाला. नात म्हणाली, "आई, तूच उतर."

एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. गंजिफात राजा आणि प्रधान नेहमी वरच, पण त्यांच्याखालचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या अर्ध्यांत उलट, एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यात खाली. नवीन माणूस इथे हमखास फसतो. सूनबाईही फसल्या. मोठ्या तोऱ्यात दश्शी टाकली आणि हात ओढायला लागल्या.

"आई, थांब. या रंगात दश्शी सगळ्यात लहान. माझा एक्का वर."

"असं कसं? दहा लहान आणि एक मोठा? मग कोण मोठं ते कळायचं कसं?"

"आधी रंग बघायचा."

सूनबाईंनी हातातली पानं खाली ठेवली. माझ्याकडे नाही, लेकीकडे बघितलं. म्हणाल्या, "मग तुझा रंग कुठला आहे ते मला सांगशील तरी? मला काहीच कळत नाहीये गं. मी दाराबाहेर उभी राहून परत जाते."

मी उठून चहा टाकायला गेलो. काही वेळा म्हाताऱ्या माणसाचं काम स्वयंपाकघरात असतं. आतून ऐकू येत होतं ते एवढंच, की या वेळचा फॉर्म भरणार नाही, एक वर्ष एम.पी. नगरच्या एका ऑडिट फर्ममध्ये काम करीन, मग दोन्ही नाही, एकच ग्रुप देईन. मध्ये बराच वेळ शांतता. मग सूनबाईंचा आवाज आला, "पगार किती देणार आहेत?" तेव्हा मी तीन कप घेऊन बाहेर आलो.

डाव पूर्ण केला. नात जिंकली. आकडे मी वहीत लिहून ठेवलेत.

या गोष्टीला सहा महिने झाले. ती नऊ वाजता डबा घेऊन बाहेर पडते. ग्रुपची परीक्षा अजून व्हायची आहे. पास होईल की नाही, ते वटवाघूळ सांगू शकत नाही आणि कासवही. तिच्या बापाला हा निर्णय पूर्ण पटलेला नाही, शनिवारी घरात थोडा आवाज चढतो. पण आता तो आवाज दाराच्या दोन्ही बाजूंनी नसतो, एका टेबलाभोवती असतो. सकाळचा एक पत्ता ती अजून काढते. मला ते पटत नाही आणि मी विचारतही नाही. खिडकीशी बसून दहा मिनिटं स्वतःशी बोलायला कुणाला पोथी लागते, कुणाला जप, हिला प्राण्यांची चित्रं लागतात. बाहेर आमच्या वसाहतीतले जुने वृक्ष आहेत. २०२४ साली पुनर्विकासाच्या योजनेत ते जाणार असं कळल्यावर लोक त्यांना मिठ्या मारून उभे राहिले आणि सरकारने ती योजना मागे घेतली. त्यामुळे खिडकीतून खरे पोपट आणि खारीही तिला दिसतात. ते फुकट.

तिन्ही संचांचा माझा ताळेबंद असा. जुना टॅरो माणसाला माणूस दाखवतो, त्यात दैन्य आहे आणि न्यायही, पण मन दुखावलेलं असेल तर ते चेहरे सहन होत नाहीत. प्राण्यांचा टॅरो दुखऱ्या माणसाला एकट्याने बसायला जागा देतो. त्याची किंमत मी कमी करणार नाही. पण दोन्ही एकट्याने चालतात. गंजिफाला तिघं लागतात. माझ्या मते फरक इथे आहे. चित्रं कुठल्याही संचात सुंदरच आहेत.

ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी सावंतवाडीला गेल्यावर राजवाड्यात जरूर डोकवावं. कारागीर समोर बसून पानं रंगवताना दिसतात. हाताचं काम असल्यामुळे दशावतारी संच स्वस्त नाही, पण छापील पत्त्यांशी त्याची तुलना करू नये. ज्यांच्या घरी जुनी पेटी आहे त्यांनी ती देव्हाऱ्यात किंवा शोकेसमध्ये न ठेवता एकदा उघडून पानं मोजावीत. कमी असतील तर घरातल्या मुलांना पुठ्ठा आणि रंग द्यावेत.

आणि एक विनंती. डाव संपल्यावर उरलेल्या हातांची देणी-घेणी पुढच्या डावात कशी वळती करायची, याबद्दल माझ्या आईची एक वेगळी रीत होती, ती मला अर्धवटच आठवते. आपल्यापैकी कोकणातल्या किंवा ग्वाल्हेर-इंदूरच्या कुणा ज्येष्ठांना ती माहीत असेल तर खाली जरूर लिहा. आमच्याकडे दर रविवारी तीन वाजता पानं वाटली जातात. चिरंजीव घरी असले की चौथा माणूस जास्त होतो, तेव्हा मी उठतो आणि चहा टाकतो.